पुस्तक तुमचं, आवाज कुणाचा?

इतिहास, चरित्र, आत्मकथन, आरोग्य, शेती, गुंतवणूक, पाककृती अशा पुस्तकांचं ऑडिओबुक करून घेणारे लेखक, कुटुंबं आणि संस्था यांच्यासाठी इंदूरच्या आमच्या स्टुडिओचं हे माहितीपत्रक आहे. पहिल्या भेटीला येण्याआधी ते एकदा सावकाश वाचावं, ही विनंती.

कादंबरी ऐकणाऱ्याला पुढे काय होणार याची ओढ असते. निवेदन थोडं डावं झालं तरी कथानक त्याला धरून ठेवतं. माहितीच्या पुस्तकाला ही सोय नाही. तिथे श्रोता टिकतो तो वाक्य पहिल्याच ऐकण्यात उमगलं तर. कागदावर डोळा नकळत दोन ओळी मागे जाऊन येतो. कानाला ते जमत नाही. मोबाइल काढून पंधरा सेकंद मागे करायचं, हे पोळ्या लाटताना किंवा ए. बी. रोडवर गाडी चालवताना कोण करणार? तीन-चार वेळा अर्थ निसटला की माणूस ऐकणं सोडतो आणि पुस्तक रटाळ आहे असं म्हणतो. पुष्कळदा पुस्तक चांगलं असतं, वाचन फसलेलं असतं.

म्हणून निवेदक निवडताना आवाज गोड आहे का, हा प्रश्न दुसरा ठेवा. वाचणाऱ्याला वाक्य कळलं आहे का, हा पहिला.

वाक्याच्या शेवटी काय हरवतं

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. अहिल्याबाई होळकरांबद्दलचं हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा: ‘१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले, पण मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही.’ वाक्य लांब आहे, श्वास संपत आलेला असतो, आणि अनेकांची सवय असते की शेवटचा शब्द खाली सोडून द्यायचा. बाहेर रहदारी असेल तर श्रोत्याला ‘सती जाऊ दिलं’ एवढंच ऐकू येतं. अर्थ नेमका उलटा.

हा दोष एडिटिंगमध्ये नीट निघत नाही. बुडालेला शब्द वर उचलला की त्याच्यासोबत खोलीतला बारीक आवाजही वर येतो आणि तेवढाच तुकडा कानाला वेगळा लागतो. त्यामुळे इलाज रेकॉर्डिंगच्या आधीच करावा लागतो. संहितेत श्वासाच्या जागी आम्ही पेन्सिलने उभी रेघ मारतो. वरच्या वाक्यात ती ‘पण’च्या आधी येईल, म्हणजे ‘नाही’पर्यंत श्वास पुरतो. पंचवीस शब्दांहून मोठं वाक्य असेल तर त्याची दोन वाक्यं करायला आम्ही लेखकाची परवानगी मागतो. ही मोकळीक जरूर द्या. छापील पुस्तकात काहीच बदलत नाही.

याच जातीची दुसरी अडचण अवतरणाची. ‘असं ते म्हणाले’ हे आपण बोलणं झाल्यावर सांगतो. डोळ्याला अवतरणचिन्ह आधीच दिसतं, कानाला ते नसतं. निवेदकाने अवतरणाआधी अर्धा सेकंद थांबून सूर किंचित उचलला की श्रोत्याला कळतं, आता दुसऱ्याचं बोलणं आलं. एवढं पुरतं. मल्हाररावांसाठी घोगरा आवाज आणि अहिल्याबाईंसाठी मऊ आवाज काढायचा नसतो. नाट्यवाचनात तो शोभतो, चरित्रात तो श्रोत्याचं लक्ष पुराव्यावरून नकलेवर नेतो. दुःखाच्या प्रसंगी गळा दाटून आणण्याचंही तसंच. घटना स्वच्छ सांगितली तर गहिवर ऐकणाऱ्याला आपोआप येतो.

एकच वाक्य, तीन वजनं

‘१७६७ साली अहिल्याबाईंनी राज्यकारभार हाती घेतला.’ आधीचा परिच्छेद १७६६ मधल्या मल्हाररावांच्या निधनाचा असेल तर वजन सालावर येतं. मुलाच्या, म्हणजे मालेरावांच्या, मृत्यूनंतर गादीचं कोण पाहणार, असा प्रश्न आधी उभा केला असेल तर वजन अहिल्याबाईंवर. दत्तक घ्या आणि कारभार दुसऱ्यावर सोपवा, असा सल्ला त्यांना दिला गेल्याचं वर्णन आधी असेल तर वजन ‘हाती घेतला’वर. शब्द तेच, पण चुकीच्या शब्दावर जोर पडला की श्रोता कुठेतरी अडखळतो; का अडखळला ते त्यालाही सांगता येत नाही.

म्हणून निवेदकाला आम्ही पुस्तक आदल्या दिवशी देत नाही, निदान दहा दिवस आधी देतो. नमुना मागताना तुम्हीही पहिलं पान मागू नका. पहिलं पान सगळेच छान वाचतात. पुस्तकाच्या मधली, युक्तिवाद असलेली दोन पानं द्या, दोन वेगळ्या निवेदकांकडून प्रत्येकी पाच मिनिटं मागवा, आणि विषय ठाऊक नसलेल्या घरातल्या एखाद्याला ऐकवून विचारा, ‘काय सांगितलं?’ आवाज कसा होता हे विचारू नका.

आकडे आणि उच्चार

इंदूरच्या मराठी घरांत एक अडचण खास आहे. शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे अंक तोंडात हिंदीतून येतात. हिंदीतला ‘उनहत्तर’ म्हणजे ६९. पण मराठी कानाला ‘हत्तर’ म्हटलं की एकाहत्तर, बाहत्तरच्या घरातलं काहीतरी वाटतं. मराठीतही ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत अर्ध्या क्षणाचा घोटाळा निवेदकाचा होतो आणि सन दहा वर्षांनी सरकतो. त्यामुळे संहितेतला प्रत्येक आकडा आम्ही अक्षरांत लिहून घेतो: १७९५ च्या वर ‘सतराशे पंच्याण्णव’. पाककृतीत १.५ वाटी ‘दीड’ आणि २.५ वाटी ‘अडीच’ अशीच वाचली गेली पाहिजे. ‘दोन पूर्णांक पाच वाट्या पीठ’ असं कोणतीही आजी म्हणत नाही.

उच्चारांत ‘ज्ञ’ मराठीत ‘द्न्य’कडे झुकतो, हिंदीत ‘ग्य’कडे. पुस्तकात ‘विज्ञान’ शंभरदा येणार असेल तर पहिल्याच दिवशी एक उच्चार ठरवून टाकावा. ‘ळ’चा ‘ल’ होऊ द्यायचा नाही. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे आहेत, पशुपालनाच्या पुस्तकात हे चुकलं तर शेतकरी श्रोत्याचा विश्वास तिथेच उडतो. याउलट निवेदक पुण्या-मुंबईचा असेल तर महू, खरगोन, सियागंज, गराडू हे शब्द त्याला आधी ऐकवावे लागतात. अशा नावांची यादी करून तुमच्याच आवाजात व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवा. दोनशे पानांच्या पुस्तकात असे साठ-सत्तर शब्द सहज निघतात.

तक्ते मात्र वाचू नयेत. सलग तीनपेक्षा जास्त आकडे कानात राहत नाहीत. तक्त्यातून काय दिसतं ते एका वाक्यात सांगावं आणि पूर्ण तक्ता सोबतच्या पीडीएफमध्ये द्यावा. तळटीप अर्थाला गरजेची असेल तर वाक्यात मिसळावी, नुसता संदर्भ असेल तर गाळावी. ‘वरील आकृती पाहा’ हे वाक्य चुकूनही राहू देऊ नये.

लेखकाने स्वतः वाचावं का?

‘मी’ने लिहिलेल्या आत्मकथनाला लेखकाचा आवाज असेल तर त्याला तोड नाही. थोडा कापरा असला, एखादा शब्द अडखळला तरी श्रोता तो माणूस ऐकत असतो. आणि अशा पुस्तकात इंदुरी मराठी घासूनपुसून काढू नका. ‘तो येऊन राहिलाय’ असं घरात म्हणत असतील तर तसंच राहू द्या. जिलबीची जलेबी असेल तर जलेबीच. आरोग्याच्या किंवा कायद्याच्या पुस्तकात मात्र प्रमाण मराठी बरी, कारण तो श्रोता कोल्हापूरचाही असेल.

अडचण दमाची असते. पहिली दहा मिनिटं कुणीही वाचतं. खरी परीक्षा चाळीस मिनिटांनंतर, जेव्हा आवाज खाली बसतो आणि प्रत्येक वाक्य एकाच चालीत उतरू लागतं. वयस्क लेखकांसाठी आम्ही सकाळी पंचेचाळीस मिनिटांची एकच बैठक ठेवतो. तेही झेपणार नसेल तर प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण लेखकाने वाचावं, मधलं निवेदकाने. इतिहास, विज्ञान किंवा अर्थविषयक पुस्तक लेखकाने वाचण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. विषयाचा जाणकार अनेकदा फार वेगाने वाचतो, कारण त्याला सगळं आधीच ठाऊक असतं.

यंत्राचा आवाज स्वस्त पडतो आणि अभ्यासासाठी मजकूर पटकन ऐकायचा असेल तर चालतो. पण वर सांगितलेलं वजन त्याला मागच्या परिच्छेदावरून दर वेळी नीट ठरवता येईल याचा भरवसा नाही, आणि आठ तास तोच समतोल सूर कानाला थकवतो. आत्मकथनासाठी तो आम्ही सुचवणार नाही.

वेग, थांबे, खोली

मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब असतात, म्हणून आमच्या कामात तासाला साधारण सहा ते सात हजार शब्द बसतात. पन्नास हजार शब्दांचं पुस्तक म्हणजे साडेसात-आठ तासांचं ऑडिओबुक. त्यासाठी स्टुडिओत अंदाजे वीस तास वाचन होतं. एडिटिंग आणि तपासणी वेगळी. कुणी तीन दिवसांत देतो म्हणालं तर तपासणी वगळली आहे असं समजा.

वेग किंचित संथच ठेवावा. श्रोता अ‍ॅपमध्ये १.२५ पट करून ऐकू शकतो. पण घाईने वाचलेलं मंद केलं की शब्द ओढल्यासारखे होतात. पूर्णविरामाला पाऊण सेकंद, परिच्छेदाला एक-सव्वा सेकंद, उपशीर्षकानंतर दोन सेकंद थांबा. हा थांबा काढून पुस्तक ‘आटोपशीर’ करू नका; विचार तेवढ्यात डोक्यात उतरतो. वाचनाखाली संगीत घालायचं नाही. प्रकरणाच्या आरंभी पाच-सात सेकंद पुरे. खाली सुरू ठेवलेली बासरी व्यंजनं झाकते आणि वेग वाढवला की बेसूर होते.

माइक तोंडापासून एक वीत, म्हणजे पंधरा ते वीस सेंटीमीटर, आणि समोर न ठेवता थोडा तिरपा. ख, थ, फ, भ या महाप्राण अक्षरांचा झोत सरळ माइकवर गेला की ‘फळभाज्या’ म्हणताना दोन धक्के ऐकू येतात. मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे हा झोत अडवणारी जाळी, असतोच, पण तिरपेपणाचा उपयोग जास्त. पंखा बंद. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार असतो, म्हणून एसीने खोली आधी थंड करून घेतो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तोही बंद ठेवतो. पंचवीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं विश्रांती.

बैठकीच्या दिवशी जलेबी, रबडी आणि आपली दुधाची शिकंजी टाळा. दूध-साखरेने लाळ घट्ट होते आणि प्रत्येक शब्दाआधी जिभेचा चिकट आवाज येतो. उपाशीही येऊ नका. पोटाची गुरगुर माइक टिपतो. पोहे चालतात, वर शेव कमी. साधं, न गार केलेलं पाणी आणि सफरचंदाची फोड इथे मिळेल.

दोन बैठकींत आवाज बदलतो. त्यामुळे रोज सुरुवातीला निवेदकाला आदल्या दिवसाचा शेवटचा मिनिट ऐकवतो. सर्दी असेल तर बैठक पुढे ढकलतो, त्याचे पैसे घेत नाही.

तयार फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएस एमपी३ असते. सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च टोक उणे ३ च्या खाली, खोलीचा मूळ आवाज उणे ६० च्या खाली. ऑडिबलवर ऑडिओबुक पोहोचवणाऱ्या एसीएक्स मंचाची मागणी हीच आहे, आणि त्याच मापात बसवलं की दोन प्रकरणांमध्ये श्रोत्याला आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. प्रत्येक प्रकरणाची फाइल स्वतंत्र.

हक्क

पुस्तक तुमच्या आजोबांचं असलं तरी हक्क कुणाकडे आहेत ते पाहा. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं ते टिकतात, आणि वारस एकाहून अधिक असतील तर सगळ्यांची लेखी संमती लागते. प्रकाशकाशी जुना करार असेल तर त्यात ध्वनिरूपाचा उल्लेख आहे का हे तपासून कराराची प्रत सोबत आणा.

नमुना कसा ऐकावा

पहिल्या प्रकरणाचा नमुना आम्ही पाठवतो तेव्हा तो तीनदा ऐका. एकदा इयरफोनवर, छापील पुस्तक समोर धरून: सुटलेले शब्द आणि चुकलेले आकडे तेव्हा सापडतात. दुसऱ्यांदा पुस्तक मिटून, फोनच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट चालू असताना: वाक्यांचे शेवट बुडतात का ते तेव्हा कळतं. तिसऱ्यांदा चालायला जाताना, आणि जिथे लक्ष उडालं तिथे फक्त वेळ टिपून ठेवा; कारण आम्ही शोधू.

दुरुस्त्या ‘मिनिट:सेकंद’ लिहून एकाच यादीत द्या, उदाहरणार्थ १२:४०, ‘एकोणऐंशी’ नको, ‘एकोणसत्तर’ हवं. एकेक निरोप आला तर निवेदकाला पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं आणि प्रत्येक जोडाचा आवाज वेगळा लागतो. यादी पूर्ण आली की त्याच निवेदकाला, त्याच माइकवर, एका बैठकीत बसवून सगळे तुकडे पुन्हा वाचून घेतो. वाचनातली चूक आमची असेल तर दुरुस्तीला शुल्क नाही. संहितेत नंतर बदल केला तर तेवढ्या मिनिटांचं शुल्क पडतं, म्हणून मजकूर शेवटचा हात फिरवूनच आमच्याकडे द्या.