पोर्चमधली मोटरहोम आणि घरचा सोळा अँपिअरचा प्लग

नाशिकमध्ये बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी असलेली मोटरहोम आता अगदीच नवलाई राहिलेली नाही. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत पलंग, ओटा, छोटा फ्रिज आणि छतावर एसी बसवून घेणारी कुटुंबं वाढत आहेत. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं. २०२७च्या सिंहस्थासाठी बाहेरगावचे नातेवाईक अशी गाडी घेऊन येतील आणि घरात जागा नसली तर गाडीतच झोपतील, हेही होणारच. मग वायरमनला ठरलेला प्रश्न जातो: गाडी घरच्या लाईटवर चालेल का?

चालेल, आणि चांगली चालेल. फक्त त्यासाठी काय तपासायचं, याबाबत बहुतेकांचं लक्ष चुकीच्या जागी असतं. सगळे विचारतात तो एसी. मला काळजी वाटते ती वायरची, आणि त्याहून जास्त अर्थिंगची.

आधी गाडीच्या पोटात काय असतं ते पाहू. तिथे विजेचे दोन संसार शेजारी शेजारी नांदतात. दिवे, पाण्याचा पंप, छोटे पंखे, मोबाईलचे चार्जर हे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. एसी, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, गीझर यांना घरासारखे २३० व्होल्ट लागतात. घराच्या प्लगला गाडी जोडली की २३० व्होल्टची उपकरणं थेट घराच्या विजेवर जातात आणि चार्जर बॅटरी भरायला लागतो. वीज गेली की इन्व्हर्टर बॅटरीतून २३० व्होल्ट तयार करतो.

आपल्या भिंतीवरच्या मोठ्या तीन पिनांच्या सॉकेटवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं. २३० गुणिले १६ म्हणजे ३,६८० वॅट. अमेरिकेत १२० व्होल्टची वीज आहे. तिथल्या घरातलं साधं सॉकेट १५ अँपिअरचं, म्हणजे १,८०० वॅटचं. मोटरहोमसाठी तिथे ३० अँपिअरची खास जोडणी असते, तिची क्षमता ३,६०० वॅट. तिकडचे व्हिडिओ पाहून ‘घरच्या प्लगवर एसी ओढणार नाही’ अशी धास्ती घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: त्यांची खास जोडणी जेवढी वीज देते, तेवढी आपलं गीझरचं सॉकेट देतं.

३,६८० वॅटमध्ये एक टनाचा एसी चालू झाल्यावर साधारण १,००० ते १,२०० वॅट घेतो. चार्जर ३० अँपिअरने बॅटरी भरत असेल तर पाचेकशे वॅट. चहाची किटली १,५००. एवढं एकत्र बसतं. त्यात २,००० वॅटची इंडक्शन लावली की एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पुरवठा तोडणारा खटका, पडणार. जुन्या धाटणीचा एसी सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्यामुळे गाडीसाठी तोच बरा.

सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटमधून मात्र १,३८० वॅटच मिळतात. मोठा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवणारे कन्व्हर्टर बाजारात सर्रास मिळतात. पिन बसली म्हणून मागची वायर जाड होत नाही. गाडीसाठी असला कन्व्हर्टर वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वायर. मीटरपासून पोर्चपर्यंत अंतर असतं, म्हणून लोक एक्स्टेंशन ओढतात. समजा २५ मीटर लांबीची, एक चौरस मिलिमीटर तांब्याची लवचीक वायर आहे. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे त्याचा प्रवास ५० मीटरचा. एवढ्या तांब्याचा रोध जवळपास १ ओम भरतो. एसी, चार्जर आणि आणखी काही मिळून १२ अँपिअर वाहत असतील, तर वायरमध्येच १२ व्होल्ट पडतात आणि १४४ वॅट उष्णता तयार होते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट केला की ताप चौपट. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध ०.४ ओम आणि उष्णता ५८ वॅटच्या आसपास. चारची घेतली तर ३६.

हे १४४ वॅट २५ मीटरवर पसरले तर हवा ते वाहून नेते. पण उरलेली वायर नीट गुंडाळून, दाराआडून आणलेली पायपुसणी वर टाकून ठेवली, की आतल्या वेढ्यांना उष्णता सोडायला जागाच उरत नाही. प्लॅस्टिकचं आवरण मऊ होतं, वेढे एकमेकांना चिकटतात आणि शेवटी तांब्याला तांबं भिडतं. एक्स्टेंशनची रीळ असेल तर ती पूर्ण उलगडूनच वापरायची.

वायरपेक्षाही लबाड असतो तो सैल जोड. सॉकेटमधली पितळी पट्टी वापरून वापरून सैल झाली की पिन आणि पट्टी यांच्यात ०.२ ओमचा रोध सहज तयार होतो. १२ अँपिअरला तिथे २९ वॅट उष्णता निघते, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात डाग देण्यासाठी वापरतात तो सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. म्हणजे सॉकेटच्या आत एक आयर्न रात्रभर चालू ठेवल्यासारखंच. एमसीबीला याचा पत्ता लागत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. सॉकेटच्या भोकाभोवती पिवळसर-तपकिरी कडा दिसली, पिनेवर निळसर काळी झाक आली किंवा मासळीसारखा जळका वास आला, की सॉकेट बदलायचं. गाडी जोडून अर्धा तास झाला की प्लगच्या प्लॅस्टिकला हाताची पाठ लावून पाहावी. कोमट चालेल. चटका बसता कामा नये.

आणि आता अर्थिंग, म्हणजे निसटलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी. घरातला फ्रिज फरशीवर उभा असतो. मोटरहोम म्हणजे रबराच्या टायरांवर उभी असलेली लोखंडाची मोठी पेटी. जमिनीशी तिचा संबंध तुटलेला असतो. गाडी हलते, वायर चेपतात, कुठेतरी फेजचं आवरण फाटून तांबं पत्र्याला टेकतं, आणि सगळी गाडी २३० व्होल्टची होते. आत बसलेल्याला काहीच कळत नाही, कारण त्याच्याभोवती सगळंच विजेच्या एका दाबावर, म्हणजे एका व्होल्टेजवर असतं. धोका असतो तो ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दाराच्या हँडलला हात लावणाऱ्याला. बहुधा ते घरातलं मूल असतं. ओल्या अंगातून दोन-तीनशे मिलिअँपिअर सहज वाहू शकतात, आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाची लय बिघडायचा धोका सुरू होतो. पावसाळ्यात कूलरला, पत्र्याच्या शेडला, लोखंडी गेटला चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. गाडीचं शास्त्र त्याहून वेगळं नाही.

अर्थिंग आहे, असं प्रत्येक घरमालक सांगतो. पण किती ओमची? आपल्याकडे जुन्या बंगल्यांत मीठ आणि कोळसा घालून पुरलेली धातूची पाटी असते. मीठ वर्षानुवर्षांच्या पावसाने वाहून जातं. काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते, पण एप्रिल-मे महिन्यांत तीच आक्रसून भेगाळते आणि पाटीपासून सुटते. खाली मुरूम आणि बेसॉल्टचा काळा पाषाण, तो तर विजेला दादच देत नाही. जुनी माणसं उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायची, त्यामागे हेच कारण होतं.

समजा घराच्या अर्थिंगचा रोध २० ओम आहे आणि जमिनीतून करंट जिथे परत जातो त्या रोहित्राकडचा (ट्रान्सफॉर्मरकडचा) २ ओम. फेज पत्र्याला टेकला तर करंट वाहील २३० भागिले २२, म्हणजे साडेदहा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याला पडणार नाही. तो शांत बसून राहील आणि गाडीच्या पत्र्यावर २०० व्होल्टच्या वर दाब तसाच टिकून राहील. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. माणूस वाचवतो तो आरसीसीबी.

आरसीसीबीत फेज आणि न्यूट्रल एकाच चुंबकीय कड्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला, तर दोघांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात. थोडा करंट जमिनीकडे किंवा माणसातून निसटला की तोल बिघडतो आणि ३० मिलिअँपिअरच्या फरकाला सेकंदाच्या छोट्याशा अंशात पुरवठा तुटतो. अर्थिंग २० ओमची असली तरी त्याला पुरते. गाडीच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर गाडी जोडू नये. याबाबत मी तडजोड करायला तयार नाही.

वायरमन अर्थिंग तपासायला फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावतात आणि तो पेटला की ‘ओके’ म्हणतात. त्या बल्बचा स्वतःचा रोध ५०० ओमच्या वर असतो. त्यापुढे अर्थिंगचे २० काय किंवा ४० काय, बल्ब लख्ख पेटणारच. वाहिनी आहे एवढंच त्यातून कळतं, ती कशी आहे हे कळत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टरच हवा. याहून वाईट प्रकार म्हणजे सॉकेटच्या आत न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देणं. बल्ब तेव्हाही पेटतो. पण कुठे न्यूट्रल तुटला, की किटलीतून किंवा एसीतून फेज उलटा फिरून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो, गाडीत कुठलाही दोष नसताना.

कधी कधी सगळं ठीक असूनही गाडी जोडल्याबरोबर घरचा आरसीसीबी पडतो. अशा वेळी तो काढून टाकायचा सल्ला मिळतो, आणि तो ऐकू नये. बहुतेकदा कारण गाडीच्या आत असतं. इन्व्हर्टरवर चालताना न्यूट्रल आणि चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) जोडलेले असावे लागतात, घराच्या विजेवर आल्यावर तो जोड सुटायला हवा. सुटला नाही तर परतीचा करंट दोन वाटांनी विभागतो आणि आरसीसीबी आपलं काम करतो. हे काम इन्व्हर्टर आणि घरची वीज यांत अदलाबदल करणाऱ्या चेंजओव्हर रिलेचं. तो इमानदार असला तरच इन्व्हर्टरची वीज उलटी घरात आणि तिथून खांबावर चढत नाही. खांबावर काम करणाऱ्या महावितरणच्या माणसाचा जीव त्यावर असतो. म्हणूनच दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये खुपसणं हा गंभीर अपराध समजावा.

चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये घराकडून किती अँपिअर घ्यायचे ते ठरवता येतं. पाहुण्यांकडे सहाचंच सॉकेट असेल तर मर्यादा ५ वर ठेवावी. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत अडीच युनिट साठतात. एसी सुरू होतानाची ओढ ती उचलते आणि नंतर सावकाश भरत राहते. निफाडसारख्या थंडीच्या पट्ट्यात गाडी उभी असेल तर एक लक्षात असू द्या: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. आपल्याकडे तेवढी वेळ क्वचितच येते. आपल्या बॅटरीचा खरा शत्रू मे महिन्यातलं बंद गाडीतलं ऊन.

वायरमनला काम सांगायचं ते असं: डीबीतून (घरातल्या एमसीबींच्या पेटीतून) गाडीसाठी स्वतंत्र लाईन, चार चौरस मिलिमीटर तांबं, १६ अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि पोर्चच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला झाकणाचं निळं इंडस्ट्रियल सॉकेट, छपराच्या पागोळ्यांपासून लांब. काम झाल्यावर अर्थ टेस्टरचं रीडिंग लिहून घ्यायचं आणि पुढच्या मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, पुन्हा घ्यायचं. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला, तर त्याच दिवशी नवा बसवायचा, आणि तोवर गाडीचा प्लग काढून ठेवायचा.