मोडशीचा जिवाणू आणि त्याच्या विषाची कळ

गोव्यात अजूनही पोट बिघडून उलट्या होऊ लागल्या की घरातली वडीलधारी माणसे ‘मोडशी झाली’ असे म्हणतात. हाच शब्द एके काळी याहून फार भयंकर रोगासाठी वापरला जाई. १५३४ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये इथेच छापून घेतलेल्या ग्रंथात त्या रोगाची लक्षणे नोंदवली आहेत: क्षीण नाडी, गार घाम, खोल गेलेले डोळे, न शमणारी तहान. ती रोग्याच्या उशाशी बसून लिहिल्यासारखी वाटतात. पोर्तुगिजांच्या तोंडी ‘मोडशी’ची ‘मोर्देशी’ झाली. आपण आज त्या रोगाला पटकी किंवा कॉलरा म्हणतो.

त्याचा जिवाणू १८५४ साली फिलिप्पो पाचिनीने सूक्ष्मदर्शकातून पाहिला आणि १८८४ साली रॉबर्ट कॉखने कोलकात्यात तो शुद्ध स्वरूपात वाढवला. माणूस दगावतो तो मात्र जिवाणूने सोडलेल्या विषामुळे, हे १९५९ साली शंभुनाथ डे यांनी कोलकात्यातच दाखवून दिले. सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून त्यांनी त्यात जिवाणू गाळून काढलेला द्रव सोडला, आणि तो भाग पाण्याने टरारून फुगला. इतक्या साध्या मांडणीतून इतके निर्णायक उत्तर क्वचितच मिळाले असेल.

तरीही एक कोडे उरले. हाच जिवाणू खाडीच्या मचूळ पाण्यात सूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून निवांत राहतो आणि प्रयोगशाळेतही एका द्रवात भरपूर, तर दुसऱ्यात जेमतेम विष तयार करतो. म्हणजे विषाचे जनुक जवळ असणे वेगळे आणि ते चालू होणे वेगळे. जनुके चालू-बंद होतात ही कल्पना झाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडली होती. तिच्या आधारे व्हर्जिनिया मिलर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी १९८४ साली पटकीच्या विषाची कळ, म्हणजे त्याचे जनुक चालू करणारे बटण, शोधली. विषाच्या जनुकाचा नियंत्रक भाग त्यांनी सहज मोजता येणाऱ्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाला जोडला, ही जोडणी ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूत ठेवली आणि पटकीच्या जिवाणूचे डीएनएचे कोणते तुकडे त्या विकराचे उत्पादन वाढवतात ते पाहिले. त्यातून ‘टॉक्सआर’ हे प्रथिन हाती आले. ते पेशीच्या आतल्या पटलात रोवलेले असते आणि त्याचे एक टोक थेट डीएनएला भिडते.

पुढे कळले की टॉक्सआर एकटे काम करत नाही. टीसीपीपी या प्रथिनाच्या साथीने ते ‘टॉक्सटी’चे जनुक चालू करते आणि टॉक्सटी विषाची व आतड्यात ठाण मांडायला लागणाऱ्या तंतूंची जनुके जागी करते. १९९६ साली तर विषाचे जनुक मुळात जिवाणूत शिरलेल्या एका विषाणूचे असल्याचे दिसले, आणि तो विषाणू आत शिरतो तोही याच तंतूंना धरून. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत विलक्षण शोध आहे: विष उसने, कळ मात्र जिवाणूची स्वतःची.

ही कळ आतड्यातली जागाही ओळखते. पित्तातली काही मेदाम्ले टॉक्सटीला रोखतात, तर बायकार्बोनेट त्याला चालना देते. जिवाणूंची दाटी वाढली की ‘हॅपआर’ हे प्रथिन ही साखळी वरूनच तोडते, तंतू व विषाची जनुके मंदावतात आणि जिवाणू आतड्याची पकड सोडून जुलाबावाटे पुन्हा पाण्याकडे निघतात.