भूदासमुक्तीचा हिशेब: झार दुसरा अलेक्झांडर आणि १८६१ चा कायदा

१९ फेब्रुवारी १८६१ रोजी झार दुसरा अलेक्झांडर याने सही केली आणि रशियातल्या जमीनदारांचे सुमारे सव्वादोन कोटी भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी, कायद्याने मोकळे झाले. (रशियातल्या घटनांच्या तारखा तिथल्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे दिल्या आहेत, आपल्या कॅलेंडरपेक्षा ते एकोणिसाव्या शतकात १२ दिवस मागे होते.) तोवर जमीनदार भूदासाला विकू शकत होता, गहाण टाकू शकत होता, सैबेरियात धाडू शकत होता. तो अधिकार गेला, आणि ही फार मोठी गोष्ट होती. पण मुक्तीबरोबर शेतकऱ्याच्या हाती एक कर्जही पडले. पुढची ४० वर्षे रशियन खेडी का धुमसत राहिली, हे त्या कर्जाची आकडेमोड पाहिल्यावरच उलगडते.

अलेक्झांडरचा जन्म १८१८ चा, मॉस्कोच्या क्रेमलिनमधला. कवी झुकोव्स्की त्याचे शिक्षक होते. १८३७ मध्ये त्याने देशभर प्रवास केला. सैबेरियात पाऊल ठेवणारा रोमानोव्ह घराण्यातला तो पहिला युवराज. तरीही तरुणपणी तो सुधारक नव्हता. वडिलांच्या, म्हणजे पहिल्या निकोलसच्या, समित्यांवर बसून तो जमीनदारांचीच बाजू घेत असे. त्याचे मत पालटले ते क्रिमियाच्या युद्धामुळे. १८५५ च्या फेब्रुवारीत तो गादीवर आला आणि त्याच वर्षी क्रिमियातला रशियाचा नाविक तळ सेवास्तोपोल शत्रूच्या हाती पडला.

या पराभवातून निघालेला लष्करी मुद्दा बहुतेक वर्णनांत निसटतो. फौजेत भरती झालेला भूदास भूदास राहत नसे, पण त्याची नोकरी जवळजवळ आयुष्यभराची असे. युरोपातल्यासारखी थोड्या वर्षांची नोकरी आणि नंतर राखीव दल अशी पद्धत आणायची, तर बंदूक चालवायला शिकलेले लाखो मोकळे पुरुष भूदासांच्या खेड्यांत परत पाठवावे लागले असते. तो धोका सरकार पत्करू शकत नव्हते. त्यामुळे सैन्य सुधारायचे तर आधी भूदासपद्धती मोडणे भाग होते. १८५६ च्या मार्चमध्ये मॉस्कोच्या उमरावांपुढे झार म्हणाला की, ही पद्धत खालून आपोआप मोडण्याची वाट पाहण्यापेक्षा ती वरून मोडलेली बरी.

मसुद्याला चार वर्षे लागली. रोस्तोव्त्सेव्ह आणि निकोलाय मिल्यूतिन या सरकारी अधिकाऱ्यांनी तो उमरावांच्या विरोधातून रेटून नेला. जमिनीशिवाय मुक्ती द्यायची नाही हे त्यांनी ठरवले, आणि माझ्या मते या कायद्यातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. फक्त घरगुती नोकरांना जमीन मिळाली नाही. दोन वर्षांनी ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

जमिनीचे माप देस्यातिना, म्हणजे सुमारे पावणेतीन एकर. प्रत्येक भागासाठी दर पुरुषामागे कमाल वाटा ठरला. किमान वाटा त्याच्या एकतृतीयांश. शेतकरी आधीपासून कमालीपेक्षा जास्त जमीन कसत असेल, तर वरचा तुकडा जमीनदार कापून घेई. या कापलेल्या तुकड्यांना रशियनमध्ये ‘ओत्रेझ्की’ म्हणत. पुष्कळदा त्यांत नेमके कुरण, पाणवठा किंवा गुरांची वाट जाई. मग शेतकऱ्याला तीच जागा खंडाने घ्यावी लागे, नाहीतर तिच्या मोबदल्यात जमीनदाराच्या शेतात राबावे लागे. कमाल वाट्याचा चौथा हिस्सा फुकट घेऊन मोकळे होण्याचीही सोय होती. ज्यांनी ती घेतली, त्यांच्या वाट्याला लोक ‘भिकाऱ्याचा वाटा’ म्हणू लागले.

बाकीच्यांनी आपला वाटा विकत घ्यायचा होता. किंमत ठरवताना जमिनीचा बाजारभाव पाहिला नाही, शेतकरी जमीनदाराला देत असलेला वार्षिक खंड पाहिला. सहा टक्के व्याजाने तेवढे उत्पन्न देईल ती रक्कम म्हणजे किंमत. खंड १० रूबल असेल तर १६६ रूबल ६७ कोपेक. पूर्ण वाट्यावर सरकार यातले ८० टक्के, म्हणजे १३३ रूबल ३३ कोपेक, जमीनदाराला रोख्यांच्या रूपात देई. उरलेले शेतकऱ्याने परस्पर द्यायचे. सरकारी कर्जाचा हप्ता वर्षाला सहा टक्के, म्हणजे ८ रूबल, आणि मुदत ४९ वर्षे. एकूण ३९२ रूबल.

मेख खंडातच होती. उत्तरेकडच्या हलक्या जमिनीत शेतकरी खंड भरत असे तो शहरात मजुरी करून किंवा घरच्या कारागिरीवर. खंडावरून किंमत काढल्याने जमिनीच्या नावाखाली त्याच्या अंगमेहनतीचीही किंमत वसूल झाली. शिवाय खंडाचा साधारण निम्मा भार पहिल्याच देस्यातिनावर टाकलेला होता. त्यामुळे वाटा जितका लहान, तितकी एकरी किंमत जास्त.

वसुलीची जबाबदारी एकट्यादुकट्यावर नव्हती, ती ‘मीर’ म्हणजे गावसमूहावर होती. एकाने हप्ता चुकवला की इतरांनी भरायचा. म्हणून गाव कुणाला सहज बाहेर जाऊ देत नसे. जमीनखरेदीचा करार होईपर्यंत जुना खंड किंवा वेठ चालूच राहायची, आणि त्या कराराची सक्ती जमीनदारावर १८८१ च्या अखेरीपर्यंत नव्हती. कझान प्रांतातल्या बेझ्द्ना गावात अंतोन पेत्रोव्हने कायदा वाचून संपूर्ण मुक्ती मिळाल्याचा अर्थ लावला. जमावावर गोळीबार झाला, पेत्रोव्हला १८६१ च्या एप्रिलमध्येच देहदंड दिला गेला.

जमीनदाराची सत्ता गेल्यावर त्याची जागा भरून काढणे आले. १८६४ मध्ये ‘झेम्स्त्वो’ या निवडून आलेल्या स्थानिक संस्था आल्या. रस्ते, शाळा, दवाखाने त्यांच्याकडे गेले. त्याच वर्षी ज्यूरी आणि वकील असलेली उघडी न्यायालये आली. १८७४ मध्ये युद्धमंत्री दिमित्री मिल्यूतिन, निकोलायचा भाऊ, याने सक्तीची भरती सर्व वर्गांना लागू केली: सहा वर्षे प्रत्यक्ष नोकरी आणि नऊ राखीव. प्राथमिक शिक्षण झालेल्याला चार वर्षे पुरत, विद्यापीठात शिकलेल्याला सहा महिने.

राजकीय सत्तेत मात्र झारने कुणाला वाटा दिला नाही. १८६३ चा पोलिश उठाव त्याने चिरडला. १८६६ पासून त्याच्यावर हल्ले होत राहिले. निवडलेल्या प्रतिनिधींना कायद्यांवर सल्ला देता यावा, या गृहमंत्री लोरिस-मेलिकोव्हच्या योजनेला त्याने १ मार्च १८८१ च्या सकाळी संमती दिली. त्याच दुपारी पीटर्सबर्गमध्ये कालव्याकाठी पहिला बॉम्ब पडला. झार वाचला आणि जखमींकडे पाहायला गाडीतून उतरला. दुसऱ्या बॉम्बने त्याचा प्राण घेतला. त्याचा मुलगा तिसरा अलेक्झांडर याने ती योजना बाजूला सारली.

हप्ते सुरूच राहिले. १९०५ मध्ये खेडी जमीनदारांच्या वाड्यांवर चालून गेली, तेव्हा ४४ वर्षांपूर्वी कापून घेतलेली कुरणेही ती परत मागत होती. त्या नोव्हेंबरात सरकारने हप्ते माफ करण्याचे जाहीर केले, आणि १ जानेवारी १९०७ पासून ते बंद झाले.