बिनकिल्लीचा छंद: लॉकपिकिंग आणि त्यामागची चिकाटी

व्हिडिओ बघून लॉकपिकिंगकडे, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडण्याच्या छंदाकडे, वळलेल्या माणसाचा पहिला गैरसमज वेळेबद्दल असतो. पडद्यावर कुलूप दीड-दोन मिनिटांत उघडतं. स्वतः हातात घेतलं की तास जातो, बोटं आखडतात आणि कुलूप ढिम्म हलत नाही. आपल्या हातात ती कलाच नाही, असं समजून बरेच जण इथेच नाद सोडतात. त्यांना या छंदाची पार्श्वभूमी कुणी सांगितलेली नसते. या विद्येतली सर्वांत गाजलेली कामगिरी सुमारे ५१ तासांची आहे, आणि ती त्या काळच्या सर्वांत निष्णात माणसाने केलेली आहे.

कुलूप मुळात फार जुनं. असीरियातल्या खोर्साबादच्या राजवाड्याच्या अवशेषांत आणि प्राचीन इजिप्तमध्येही लाकडी पिनांच्या कुलपाची रचना दिसते. आडव्या अडसराला वरून भोकं, त्या भोकांत वरून पडणाऱ्या लाकडी खुंट्या, आणि खुंट्या वर उचलण्यासाठी दात असलेली लाकडी पट्टी, हीच किल्ली. रोमनांनी धातूची कुलपं केली. मध्ययुगात भर राहिला तो आतल्या अडथळ्यांवर, म्हणजे चुकीची किल्ली फिरूच नये यासाठी बसवलेल्या पट्ट्यांवर. अशा कुलपाला किल्लीची नको असलेली पाती घासून काढली की काम भागायचं. तिथे युक्ती लागायची, कानस लागायची. हाताला आतलं काही जाणवण्याची गरज फारशी नव्हती.

ती गरज १७७८ मध्ये निर्माण झाली. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने त्या वर्षी पेटंट घेतलेल्या कुलपात लिव्हर, म्हणजे अडसर रोखून धरणारी आतली पट्टी, किल्लीने नेमक्या उंचीपर्यंत उचलावा लागे. कमी उचलला तरी अडणार, जास्त उचलला तरी अडणार. माझ्या मते आजच्या छंदाचं मूळ शोधायचं तर ते इथे आहे. ‘नेमकं’ हा गुण कुलपात शिरला आणि किल्लीशिवाय ते उघडणाऱ्याला हलका हात आणि सबुरी या दोन्ही गोष्टी अपरिहार्य झाल्या.

पुढचं पाऊल जोसेफ ब्रामाचं. १७८४ मध्ये त्याने पेटंट घेतलेल्या कुलपाची किल्ली म्हणजे एक लहानशी नळी, तिच्या टोकाला वेगवेगळ्या खोलीच्या खाचा. किल्ली आत दाबली की प्रत्येक खाच आपापली पट्टी ठरलेल्या खोलीपर्यंत ढकलते. सगळ्या पट्ट्या एका रेषेत आल्या तरच कुलूप फिरतं. १७९० पासून लंडनमधल्या पिकॅडिलीतल्या त्याच्या दुकानाच्या काचेआड असं एक कुलूप मांडून ठेवलेलं होतं. त्यात अशा १८ पट्ट्या होत्या. सोबतच्या पाटीवर जाहीर आव्हान होतं: हे कुलूप उघडणारं हत्यार जो कारागीर बनवेल, त्याला २०० गिनी, म्हणजे तेव्हाची इंग्लंडमधली सोन्याची नाणी. ते कुलूप साठ वर्षांहून अधिक काळ अजिंक्य राहिलं.

दरम्यान १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली आणि सरकारने अभेद्य कुलपासाठी बक्षीस जाहीर केलं. १८१८ मध्ये जेरेमाया चबने ‘डिटेक्टर’ कुलपाचं पेटंट घेतलं. कुणी आत खुडबूड करताना एखादा लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला की कुलूप तिथेच अडकून बसे आणि मालकाला छेडछाड झाल्याचं कळे. तरंगत्या तुरुंगात ठेवलेल्या एका कैद्याला, जो पेशाने कुलूपकार होता, हे कुलूप उघडल्यास माफी आणि रोख बक्षीस देऊ केलं होतं. दोन-तीन महिने झटून त्याने हात टेकले.

मग आलं १८५१ साल. हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, जगभरच्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं, आणि अमेरिकेहून डे अँड न्यूवेल कंपनीची कुलपं घेऊन आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज तिथे दाखल झाला. २२ जुलैला वेस्टमिन्स्टरमधल्या एका घराच्या तिजोरीघराच्या दारावरचं चबचं डिटेक्टर कुलूप त्याने साक्षीदारांसमोर २५ मिनिटांत उघडलं. कुलूप पुन्हा लावून दाखवा म्हटल्यावर दहा मिनिटांच्या आत लावूनही दाखवलं. डिटेक्टर अडकला नव्हता.

लोकांच्या लक्षात राहिली आहेत ती ही २५ मिनिटं. मला मात्र पुढचा महिना जास्त महत्त्वाचा वाटतो. ब्रामाच्या कुलपासाठी त्याला ३० दिवसांची मुदत मिळाली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुलूप लाकडी फळ्यांमध्ये असं बंदिस्त केलं की फक्त किल्लीचं भोक मोकळं राहावं. हॉब्ज नसेल तेव्हा तेही मोहोरबंद. निर्णय द्यायला पंच. पट्ट्यांमागच्या जोरकस स्प्रिंगचा दाब हाताने तासन्‌तास पेलणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने तो पेलण्यासाठी वेगळं उपकरण बसवलं आणि हात मोकळा ठेवला. मग एकेक पट्टी चाचपत, कोणती अडते आणि कोणती सैल आहे हे बघत तो पुढे सरकत राहिला. १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास काम केल्यावर ऑगस्टच्या अखेरीस कुलूप उघडलं. नंतर ते मूळ किल्लीने चालवून बघितलं गेलं आणि त्याला काही इजा झालेली नव्हती. ब्रामाच्या कंपनीने हत्यारांबद्दल तक्रार केली, पण पंचांनी कौल हॉब्जच्या बाजूने दिला आणि २०० गिनी त्याला मिळाल्या. ते कुलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

या प्रकाराने इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. अशा गोष्टी उघडपणे दाखवाव्यात का, चोरांना आयतं शिक्षण मिळत नाही का, असा सूर निघाला. हॉब्जच्या माहितीवरून चार्ल्स टॉमलिन्सनने संपादित केलेलं कुलपांवरचं पुस्तक १८५३ मध्ये आलं आणि त्यात याला रोखठोक उत्तर होतं: चोरांना त्यांचा धंदा आपल्यापेक्षा चांगला कळतो, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा साधा माणूस. आजच्या छंदी मंडळींचा सगळा नैतिक पाया या एका युक्तिवादावर उभा आहे आणि तो मला पूर्णपणे पटतो. ज्या उणिवेची चर्चा होत नाही, ती दुरुस्तही होत नाही.

हॉब्जच्या कंपनीचं कुलूपही फार काळ अजिंक्य राहिलं नाही. १८५० च्याच दशकात लायनस येल धाकट्याने ते उघडून दाखवलं. त्याच्या वडिलांनी पिनांच्या कुलपाचं पेटंट आधीच घेतलेलं होतं. मुलाने १८६० च्या दशकात चपटी किल्ली आणि फिरणारा सिलिंडर आणून त्या प्राचीन लाकडी कल्पनेला आजचं रूप दिलं. सराव करणाऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी बहुधा हेच कुलूप येतं, त्यामुळे त्याच्या पोटात काय आहे ते नीट बघायला हवं.

सिलिंडरच्या आत फिरणारा गाभा असतो. बाहेरच्या कवचातून गाभ्यात उतरणारी भोकं असतात, साधारण पाच किंवा सहा. प्रत्येक भोकात खाली किल्लीला टेकणारी पिन, तिच्यावर दुसरी पिन आणि सर्वांत वर स्प्रिंग. वरच्या पिना गाभा आणि कवच यांच्यामधली सीमा ओलांडून बसलेल्या असतात, म्हणून गाभा फिरत नाही. बरोबर किल्ली सगळ्या जोड्यांची फट एकाच वेळी त्या सीमेवर आणते. किल्ली नसताना कुलूप उघडतं ते घडणावळीतल्या फरकामुळे. भोकं एका रेषेत आहेत असं दिसतं, पण कुठलंही यंत्र ती तंतोतंत एका रेषेत पाडू शकत नाही. त्यामुळे गाभ्याला किंचित पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत. आधी एक अडते. ती नेमकी उंचीवर नेली की गाभा केसभर सरकतो, ती तिथे टिकते आणि मग दुसरी अडते.

हे वाचायला सोपं आहे. हातात मात्र दोन बारीक पोलादी सळ्या असतात आणि डोळ्यांना काहीही दिसत नसतं. एका सळईने पीळ, दुसरीने पिना. नवख्याचा पीळ जवळजवळ नेहमी गरजेपेक्षा जास्त असतो. मग सगळ्याच पिना घट्ट वाटतात, कोणती खरी अडलेली आहे ते कळत नाही. कुलूप उघडत नाही म्हणून तो जोर आणखी वाढवतो आणि कोंडी पक्की होते. बोटाचं वजन अक्षरशः टेकवण्यापुरतं आणलं की बाकीच्या पिना स्प्रिंगवर मऊ उसळतात आणि एकच दगडासारखी लागते. ती हळूच उचलायची. खट् असा अगदी बारीक आवाज येतो, कधी तोही येत नाही, फक्त पीळ देणाऱ्या बोटाला हालचाल कळते.

कुलूपवाल्यांनी यावरही तोड काढली. ब्रामाच्या कारखान्यातल्या एका कारागिराने १८१७ मध्येच पट्ट्यांना खोट्या खाचा पाडल्या होत्या, म्हणजे पट्टी खऱ्या जागी बसल्यासारखी वाटावी आणि फसवावी. आजच्या पिनांच्या कुलपात हेच काम डमरूच्या आकाराची, मधे बारीक झालेली पिन करते. गाभा चक्क काही अंश फिरतो, उघडलं असं वाटतं आणि तिथेच थांबतो. आता पुढे जाण्याची एकच वाट आहे: पीळ कमी करून गाभ्याला थोडं मागे फिरू द्यायचं. तसं करताना आधी बसवलेल्या दोन पिना खाली पडू शकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. या टप्प्यावर जो चिडतो त्याची बोटं आपोआप जड होतात. म्हणून जाणती मंडळी चिडचिड सुरू झाली की कुलूप खाली ठेवायला सांगतात. हा निव्वळ तंत्राचा सल्ला आहे.

छंद म्हणून कुलपाशी खेळणारे पूर्वीही होतेच. फ्रान्सचा राजा सोळावा लुई व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आपल्या कार्यशाळेत गामँ नावाच्या कुलूपकाराच्या हाताखाली हे काम शिकला. पुढे १७९२ मध्ये राजाच्या भिंतीतल्या गुप्त कपाटाचा सुगावा क्रांतिकारकांना दिला तो याच गामँने. बेड्या-कुलपांतून सुटून दाखवणारा जादूगार हुडिनी याचं नावही या संदर्भात हमखास निघतं, पण त्याला या छंदाचा पूर्वज म्हणायला मी तयार नाही. त्याची सगळी किमया गुपित राखण्यावर चालायची आणि इथे तर कळलेलं सांगून टाकण्याला मान आहे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन मात्र खरा पूर्वज. लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर असताना त्याने आकड्यांच्या कुलपांचा पिच्छा पुरवला. डायलवर शंभर आकडे असले तरी कुलूप दोन-तीन घरांची चूक चालवून घेतं, म्हणजे प्रत्येक पाचवा आकडा तपासला तरी पुरतं, हे त्याने शोधलं. दहा लाख शक्यता ८,००० वर आल्या. शिवाय कपाट उघडं असताना शेवटचे दोन आकडे हाताने ओळखायची सवय त्याने इतकी घोटली की समोरच्याशी गप्पा मारता मारता ते काम व्हायचं. लोकांना ती जादू वाटायची. प्रत्यक्षात तो मुरलेला सराव होता.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्ये कुलपं उघडण्याची परंपरा अनेक दशकं चालत आलेली होती. तिथल्या अनुभवातून १९८७ मध्ये लिहिली गेलेली आणि १९९१ मध्ये सुधारलेली एक मार्गदर्शक पुस्तिका संगणकाच्या जाळ्यावरून जगभर पसरली. संघटित रूप आलं ते युरोपात. १९९७ मध्ये हॅम्बुर्गला श्टेफेन वेर्नेरीने छंदी लोकांची संघटना सुरू केली, पाठोपाठ नेदरलँड्समध्ये ‘टूल’ ही संस्था उभी राहिली. स्पर्धा भरू लागल्या. २००३ मध्ये संगणक-सुरक्षेचा अभ्यासक मॅट ब्लेझ याने मास्टर किल्लीच्या, म्हणजे एकाच किल्लीने अनेक कुलपं उघडण्याच्या, व्यवस्थेतली मोठी फट प्रसिद्ध केली, तेव्हा कुलूपकारांच्या व्यवसायातून त्याच्यावर टीकेची झोड उठली. १८५१ चा वाद जसाच्या तसा पुन्हा झाला.

या संघटनांनी दोन नियम रूढ केले. जे कुलूप आपलं नाही त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आणि जे कुलूप वापरात आहे, मग ते स्वतःचं का असेना, त्यावर सराव करायचा नाही. पहिल्याचं कारण उघड आहे. दुसऱ्याचं कारण यांत्रिक: सळई आत तुटू शकते, स्प्रिंग दबू शकते, गाभा अर्धवट फिरून अडकू शकतो आणि मग बरोबर किल्लीही चालत नाही. कायदा सगळीकडे सारखा नाही. जपानने २००३ च्या कायद्याने योग्य कारणाशिवाय अशी खास हत्यारं जवळ बाळगायलाच मनाई केली, तर इतर अनेक ठिकाणी हेतू बघितला जातो. हत्यारं मागवण्याआधी आपल्याकडचा कायदा वाचून घ्यावा.

सरावाची जी पद्धत या मंडळींत मुरली आहे, तीही हॉब्जसारखीच पायरी-पायरीची आहे. उघडता येणारा सिलिंडर घ्यायचा, त्यात एकच पिन ठेवायची आणि ती शंभरदा बसवायची. मग दोन, मग तीन. प्रत्येक वेळी पीळ कमीत कमी किती पुरतो ते शोधायचं. पारदर्शक कुलूप रचना समजायला उत्तम, पण त्यावर फार रेंगाळू नये असं मी आग्रहाने म्हणेन. डोळे उत्तर देऊ लागले की बोटं शिकायचं थांबवतात. एकच कुलूप पाठ झालं तर त्याच्या पिनांची अदलाबदल करायची. आणि रोज थोडा वेळ, पंधरा-वीस मिनिटं. हात भरून आल्यावर बोटांना बारीक हालचाल जाणवत नाही आणि त्यानंतरचा सराव चुकीचा दाब पक्का करतो.