वॉर्डच्या खिडकीपासून ‘हवामान-चिंते’च्या मोजपट्टीपर्यंत

पर्यावरण आणि मानसिक आरोग्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांची आठवण हल्ली उन्हाळा तापला की होते. उष्णतेची लाट, तरुणांची हवामान-चिंता, शहरातली हिरवाई हे त्यांना विचारायचे ठरलेले प्रश्न. पर्यावरण मानसशास्त्र या ज्या शाखेतून ही प्राध्यापकी निघाली, तिचा पहिला विषय मात्र इमारती होता. 1960च्या दशकात न्यूयॉर्कच्या मनोरुग्ण वॉर्डांत निरीक्षक नकाशा घेऊन बसत आणि ठरावीक वेळाने कोण कुठे आहे, काय करतो आहे, याची खूण करत. जास्त खाटांच्या खोलीत रुग्ण एकमेकांत अधिक मिसळतील, हा समज तिथे खोटा ठरला. लहान खोल्यांतले रुग्ण अधिक हालचाल करत, मोठ्या खोल्यांतले खाटेवर पडून राहत. त्याच शहरात 1968 साली या विषयाचा पीएच.डी. अभ्यासक्रम सुरू झाला. तेव्हा मानसिक आरोग्य हे या शाखेला उशिरा चिकटवलेले शेपूट नाही. गर्दी, गोंगाट, कार्यालयांची मांडणी यांच्या रेट्यात ते मधली काही वर्षे मागे पडले, एवढेच.

झाडे आली ती 1984च्या एका दोन पानी शोधनिबंधातून. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या 1972 ते 1981 मधल्या नोंदी त्यासाठी चाळल्या होत्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींतून विटांची भिंत. लिंग, वय, धूम्रपान, लठ्ठपणा, शस्त्रक्रियेचे वर्ष आणि मजला जुळवून 23 जोड्या लावल्या. नोंदी फक्त 1 मे ते 20 ऑक्टोबरच्या घेतल्या, कारण एरवी तिथली झाडे निष्पर्ण असतात. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे 8.70 दिवसांत. तीव्र वेदनाशामकांतला फरक दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत दिसला. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चोवीस तास खिडकीकडे बघायचे भान कुणाला असते! या निबंधाचा हवाला आजही सर्रास दिला जातो. पण फरक जेमतेम अठरा तासांचा, माणसे 46, इमारत एक, आणि तुलना कोऱ्या भिंतीशी. समोर गजबजलेला रस्ता असता तर काय झाले असते, हे त्यातून कळत नाही.

त्यानंतर गाडी निसर्गाकडे वळली आणि पुढे तिथून हवामानाकडे. ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी गावांचा परिसर पालटला. घर न सोडताही घर हरवल्याचे हे दुःख 2005 पासून शोधनिबंधांत ‘सोलास्टॅल्जिया’ या घडवलेल्या शब्दाने ओळखले जाऊ लागले. 2021 साली भारतासह 10 देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10,000 तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 59 टक्क्यांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असे सांगितले. ‘हवामान-चिंता’ हा आजार म्हणून कोणत्याही प्रमाण रोगसूचीत नाही, तरी तिच्या मोजपट्ट्या, म्हणजे विधानांवर खुणा करून घ्यायच्या प्रश्नावल्या, तयार आहेत. 2020 सालची बरीच वापरली जाणारी पट्टी 22 विधानांची. त्यांतली 13 चिंतेची, बाकीची अनुभवाची आणि वागणुकीची.

ही पट्टी मराठीत आणताना पहिली ठेच ‘हवामान’ या शब्दालाच लागते. आपल्याकडे हवामान म्हणजे उद्याचा पाऊसही आणि तीस वर्षांची सरासरीही. हवापालट तर आपण तब्येत सुधारायला करतो. ‘हवामान बदलाचा विचार आला की झोप लागत नाही’ या वाक्यावर द्राक्ष बागाईतदार ‘जवळजवळ नेहमी’वर खूण करतो. त्याच्या मनात घड भरलेली बाग आणि आभाळात आलेले ढग असतात. ती चिंता खरीच आहे, पण पट्टीला मोजायची ती ही नव्हे. शिवाय ‘काळजी’मध्ये माया आहे आणि ‘चिंता’ आपण जेवणाच्या डब्याचीही करतो. निदानातल्या भीतीचे वजन दोन्ही शब्दांना नाही.

नेहमीची पद्धत अशी: दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांची जुळवणी, मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून परत इंग्रजीत उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, मग मोजक्या लोकांना एकेका विधानावर बोलते करणे. शेवटी घटक विश्लेषणासाठी, म्हणजे कोणती विधाने एकत्र बसतात हे आकड्यांतून तपासायला, प्रत्येक विधानामागे निदान दहा माणसे. वरची चूक उलट भाषांतरात सापडत नाही. तो भाषांतरकारही शिकलेला. तो ‘हवामान बदल’ वाचतो आणि इंग्रजीत बिनचूक परत नेतो. चूक उघडी पडते ती लोकांना बोलते केल्यावर, आणि घाईत गाळली जाते ती नेमकी हीच पायरी.

उपाय दोन, आणि त्यावर एकमत नाही. प्रत्येक विधानात ‘पावसा-उन्हाचे बदललेले चक्र’ असे लिहिले तर अर्थ पोचतो, पण इतर देशांच्या आकड्यांशी तुलना तुटते. सुरुवातीला व्याख्येची दोन वाक्ये वाचून दाखवली तर विधाने शाबूत राहतात. मात्र सहाव्या-सातव्या विधानापर्यंत ऐकणारा ती विसरतो. दुसरा मार्ग बरा, व्याख्या मधे पुन्हा वाचण्याच्या अटीवर.

हे कष्ट का टाळले जातात, याचे एक कारण नेमणुकीच्या नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार प्राध्यापकपदाच्या थेट भरतीच्या नेहमीच्या वाटेला पीएच.डी., 10 वर्षांचा अनुभव, 10 शोधनिबंध आणि 120 संशोधन गुण लागतात. सामाजिक शास्त्रांत निबंधाला मूळ गुण 10. दोन लेखक असले तर प्रत्येकी 70 टक्के. जास्त असले तर मुख्य लेखकाला 70 टक्के आणि इतरांना प्रत्येकी 30 टक्के. मोजपट्टी मराठीत आणणे हे एकट्याचे काम नाही. दोन भाषांतरकार, एक उलट भाषांतरकार, मुलाखती घेणारे, आकडेमोड करणारा असे पाच-सहा जण लागतात. वर्षभर राबून बहुतेकांच्या वाट्याला तीन गुण, आणि भाषांतरकाराचे नाव आभारात गेले तर तेही नाहीत.