उंचीसाठी वृद्धिसंप्रेरक : उपचार की वर्धन

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून वृद्धिसंप्रेरक, म्हणजे बोलण्यातले ग्रोथ हॉर्मोन, स्रवते. ते कमी पडणाऱ्या मुलाला बाहेरून देणे हा उपचार, यात वाद नाही. पण ग्रंथी धडधाकट आणि मूल फक्त बुटके असेल, तर तेच इंजेक्शन उपचार ठरते की वर्धन, म्हणजे निरोगी शरीरात घातलेली भर? जैवतंत्रज्ञानाने माणूस ‘सुधारण्या’च्या नीतिचर्चेत हे उदाहरण मुद्दाम घेतले जाते, कारण ते कल्पनेतले नाही; अनेक वर्षे रोज टोचले जाणारे आहे.

मानवी वृद्धिसंप्रेरकाने उपचार झाल्याची पहिली नोंद १९५८ची, बॉस्टनच्या मॉरिस रेबन यांची. त्या काळी ते मृतदेहांच्या पीयूष ग्रंथींतून काढत. साठा तुटपुंजा, त्यामुळे अगदी गरजू मुलांनाच ते मिळे आणि नैतिक प्रश्न आपोआप टळे. या संप्रेरकातून क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचे १९८५मध्ये उघड झाले आणि अमेरिकेत त्याचे वाटप थांबले. त्याच वर्षी जनुकतंत्राने बनवलेल्या संप्रेरकाला तिथे मान्यता मिळाली. टंचाई संपली, आणि ‘गरजू’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या सैल होऊ लागली.

डेव्हिड ॲलन आणि नॉर्मन फॉस्ट या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९९०मध्ये मांडलेला पेच आजही सुटलेला नाही. अकरा वर्षांची दोन मुले, दोघांचीही प्रौढपणीची अपेक्षित उंची १६० सेंमी. एकाचे संप्रेरक मेंदूतील गाठीमुळे कमी झालेले. दुसऱ्याचे पुरेसे, पण आईवडीलच बुटके. त्रास सारखा, औषध सारखे. मग निदान वेगळे म्हणून एकालाच ते का द्यायचे?

शिवाय हे निदानही वाटते तितके ठाम नसते. संप्रेरक उसळ्या घेत स्रवते, म्हणून कधीही घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावरून काही कळत नाही. क्लोनिडिन किंवा ग्लुकागॉन यांसारखे औषध देऊन ग्रंथीला चेतवतात आणि ठरावीक अंतराने रक्त घेतात. सर्वोच्च पातळी मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या खाली राहिली तर कमतरता, असा जुना प्रघात आहे. काही ठिकाणी हीच रेषा ७वर धरतात. ८ आलेले मूल एका केंद्रात रुग्ण, दुसऱ्यात निरोगी! तपासणीचा संच बदलला तरी आकडा हलतो. नीतीची सीमारेषा अशा आकड्यावर टेकवणे हा या विषयातला सर्वांत कच्चा दुवा आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३मध्ये कारण न सापडलेल्या बुटकेपणासाठीही मान्यता दिली. अट अशी, की उंची सरासरीपेक्षा २.२५ प्रमाण विचलनांनी खाली हवी, म्हणजे सर्वांत बुटक्या १.२ टक्क्यांत. युरोपीय औषध संस्थेने अशी मान्यता दिलेली नाही. गंमत म्हणजे सगळ्यांची उंची वाढवली तरी १.२ टक्के मुले तळाशी उरणारच.

मात्रा वजनावर ठरते. अशा बुटकेपणासाठी २००३मध्ये मान्य झालेली कमाल मात्रा आठवड्याला किलोमागे सुमारे ०.३७ मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ११ मिलिग्रॅम. ती सात दिवसांत वाटून रात्री त्वचेखाली टोचतात. जागा बदलली नाही तर तिथली चरबी झडते. औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. गोठले तर वाया जाते. डोकेदुखी आणि दृष्टी अंधुक होणे ही कवटीतील दाब वाढल्याची खूण असू शकते, तर अचानक लंगडणे ही मांडीच्या हाडाचे डोके सरकल्याची. पाठीला बाक असेल तर तो वाढू शकतो, रक्तातील साखरेवरही लक्ष ठेवावे लागते.

एवढे करून मिळते काय? अमेरिकेतील ६८ मुलांच्या एका चाचणीत जवळपास निम्म्या मुलांना अनेक वर्षे आठवड्यातून तीनदा नुसती खोटी, औषध नसलेली इंजेक्शने दिली गेली. त्यावरूनही बराच वाद झाला. प्रौढ उंचीतला सरासरी फरक निघाला ३.७ सेंमी. सहा वर्षे रोज टोचायचे तर दोन हजारांवर सुया होतात, आणि ‘तुझ्यात काहीतरी कमी आहे’ हे मुलाला तितक्याच वेळा सांगितले जाते. त्याने मन सुखावते, असा खात्रीचा पुरावा नाही.

आपल्याकडे आधी घरची उंची मोजावी. आईवडिलांच्या उंचीच्या बेरजेत मुलासाठी १३ सेंमी मिळवून किंवा मुलीसाठी १३ वजा करून निम्मे करतात. वडील १६४, आई १५० असेल तर मुलगा साधारण १६३.५, मुलगी १५०.५. तुलनेसाठी पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर व सहकाऱ्यांच्या कामातून आलेले भारतीय बालरोग अकादमीचे २०१५चे वाढीचे तक्ते वापरावेत. थायरॉइड, सीलिॲक (गव्हातले ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) आणि मुलींत टर्नर (एक्स गुणसूत्रातील जन्मजात उणीव) यांची तपासणी चुकवू नये. डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाडांचे वय मागे दिसले, तर मूल उशिरा वयात येणारे असू शकते आणि थांबणे हाच उपाय ठरतो. दुर्मिळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात सिद्ध कमतरता, टर्नर, तसेच नूनन आणि प्रेडर-विली या जनुकीय विकारांसाठी हे संप्रेरक आहे. नुसत्या बुटकेपणासाठी नाही. उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने मनाई आहे, तरी त्या दिसतातच. विवाहविषयक जाहिरातीत शिक्षणाच्या शेजारी उंची छापली जाते, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच असते.

उपचार सुरू करण्याआधी थांबण्याची अटही मुलासमोरच ठरवावी. पहिल्या वर्षात वाढीचा वेग पुरेसा न वाढल्यास, किंवा पुढे तो वर्षाला २ सेंमीच्या खाली आल्यास सुई बंद करतात. हाडांच्या टोकांजवळचे कूर्चापट्टे मिटल्यावर चालू ठेवली, तर उंची वाढत नाही. वाढतात ते हातापायांचे पंजे आणि जबडा.