फोर्ट रिकव्हरीचा स्तंभ : एका विसरलेल्या पराभवाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, इंडियानाच्या सीमेलगत, फोर्ट रिकव्हरी नावाचं छोटंसं गाव आहे. गावाच्या मानाने तिथला ग्रॅनाइटचा स्तंभ फारच उंच, शंभर फुटांहून जास्त. १९१३ साली लोकार्पण झालेल्या या स्तंभाखाली सैनिकांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. त्यांतले बहुतेक जण ४ नोव्हेंबर १७९१ या एकाच सकाळी मारले गेले. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला मूळनिवासींशी झालेल्या लढाईत कस्टर या अमेरिकी सेनाधिकाऱ्याच्या तुकडीतले जेवढे पडले, त्याच्या दुपटीहून जास्त माणसं इथे पडली. कस्टरचं नाव जगभर झालं, ही लढाई मात्र खुद्द अमेरिकेतही फार थोड्यांना माहीत आहे.

भांडण जमिनीचं होतं. १७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटनने ओहायो नदीच्या उत्तरेकडचा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला. तिथे राहणाऱ्या मायामी, शॉनी, लेनापी या मूळनिवासी जमातींना कुणी विचारलंसुद्धा नाही. स्वातंत्र्ययुद्धाच्या कर्जात बुडालेल्या नव्या सरकारला तीच जमीन विकून पैसा उभा करायचा होता. १७९० मध्ये या जमातींवरची जनरल हार्मरची मोहीम सपशेल फसली. पुढच्या वर्षी त्या प्रांताचा गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर स्वतः फौज घेऊन निघाला.

फौज कसली! महिना जेमतेम दोन डॉलरवर भरती केलेली, धड कवायतही न झालेली माणसं. तंबू गळके, दारूगोळा निकृष्ट, रसद कायम उशिरा. रसदीचा ठेकेदार विल्यम ड्यूअर सरकारी पैसा स्वतःच्या सट्ट्यात फिरवत होता. त्याच वर्षी इकडे हिंदुस्थानात टिपूवर चालून गेलेली ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसची फौजही श्रीरंगपट्टणापाशी उपाशी अडकली होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला अमेरिकनांपुढे शरण गेलेला तोच हा कॉर्नवॉलिस. त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी छावणीतल्या बाजाराने तारलं. सेंट क्लेअरच्या मदतीला असं कुणी येणार नव्हतं.

वॉबॅश नदीच्या काठी तळ पडला तेव्हा सुमारे चौदाशे सैनिक उरले होते. संधिवाताने बेजार झालेल्या सेनापतीने तळाभोवती साधा मोर्चाही बांधला नाही. पहाटेची हजेरी आटोपून सैनिक न्याहारीच्या तयारीला लागले, आणि मायामींचा लिटल टर्टल व शॉनींचा ब्लू जॅकेट यांचे सुमारे हजार योद्धे तुटून पडले. नदीपलीकडची केंटकीची मिलिशिया, म्हणजे हंगामी नागरी फौज, पहिल्याच झटक्यात पळाली ती थेट मुख्य तळात घुसली. योद्ध्यांनी अधिकारी आणि तोफची हेरून टिपले. तीन तासांत सहाशेहून अधिक सैनिक ठार झाले. तळावरच्या बायकामुलांचीही कत्तल झाली. हल्लेखोरांची हानी अगदी थोडी होती.

या पराभवाची चौकशी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने केली. अमेरिकी काँग्रेसने केलेली ही पहिलीच चौकशी. तिने सेंट क्लेअरला निर्दोष ठरवलं आणि खापर रसदीच्या गोंधळावर फोडलं. मला हा निकाल अर्धाच पटतो. रसद वाईट होती हे खरं, पण शत्रूच्या मुलखात उघड्यावर तळ ठोकण्याचा निर्णय काही ठेकेदाराचा नव्हता.

मृतांना मात्र कुणी विचारत नव्हतं. दोन वर्षं ते उघड्यावरच पडून राहिले. डिसेंबर १७९३ मध्ये जनरल अँथनी वेनची तुकडी तिथे पोचली, तेव्हा रात्री तंबूत अंथरूण घालण्याआधी सैनिकांना हाडं गोळा करून बाहेर टाकावी लागली. त्यांनी ती पुरली, तिथेच किल्ला बांधला आणि त्याला ‘रिकव्हरी’ (परत मिळवणं) नाव दिलं. १७९४ मध्ये वेनने त्याच जमातींविरुद्ध फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहावर लिटल टर्टललाही सही करावी लागली आणि ओहायोचा बराचसा भाग जमातींच्या हातचा गेला.

१८५१ मध्ये गावात पुन्हा सांगाडे वर आले. गावकऱ्यांनी मोठा समारंभ करून ते पुरले. दूरदूरहून हजारो लोक आले. ‘अस्थी पुरण्याचा दिवस’ म्हणूनच तो ओळखला गेला. त्याआधी पाचच वर्षं, १८४६ मध्ये, सरकारने अनेक मायामींना शेजारच्या इंडियानातून उचलून पश्चिमेला कॅन्ससकडे पाठवून दिलं होतं.